निराधार अनुदानाचा अर्ज आणि डिझाइन थिंकिंग: सुरुवात कागदांच्या पिशवीपासून

प्रश्न असा आहे: "बीड जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात संजय गांधी योजना शाखा माझ्याकडे आहे. प्रशिक्षणात डिझाइन थिंकिंगचे (वापरणाऱ्याच्या बाजूनं सेवा आखण्याच्या पद्धतीचे) पाच टप्पे शिकवले, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावून घेतल्या. परत आलो तर त्रुटीतल्या, म्हणजे काहीतरी कमी म्हणून अडकलेल्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर तसाच आहे. निराधार आणि श्रावणबाळच्या (पासष्टीपुढच्या गरजू वृद्धांच्या अनुदानाच्या) अर्जांना हे तंत्र प्रत्यक्षात कसं लावायचं?"

समजून घेणं, समस्या नेमकी मांडणं, उपाय सुचवणं, नमुना बनवणं आणि तो वापरून पाहणं हे पाच टप्पे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन संस्थेमुळे सगळीकडे पोचले. टप्पे बरोबर आहेत. पण सरकारी कार्यालयात त्यांच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते: सेवा सुरू कुठं होते आणि संपते कुठं. कार्यालयाच्या लेखी अर्ज आवक नोंदवहीत चढला की ती सुरू होते आणि मंजुरीच्या यादीत नाव आलं की संपते. अर्जदार बाईच्या लेखी "तुमचं योजनेत बसतंय" असं कुणीतरी ओसरीवर सांगितलं तेव्हा ती सुरू झाली, आणि पहिले पंधराशे रुपये हातात पडतील तेव्हा संपेल. बहुतेक दुखणी या दोन टोकांना असतात आणि कार्यालयाची नजर मधल्या तुकड्यावरच असते. म्हणून मोजमापही दुसऱ्या हिशेबानं धरा: अर्ज करायचं ठरवल्या दिवसापासून पहिला हप्ता हातात पडेपर्यंत किती दिवस लागले, किती खेटे झाले, किती पैसे गेले.

यात खेटा हे सगळ्यात खरं माप आहे. दिवसांचा आकडा कार्यालयाला झाकता येतो, खेट्यांचा येत नाही. खर्च मोजताना एसटीच्या तिकिटावर अडकू नका. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. खरा खर्च असतो सोबत येणाऱ्या पुतण्याचं पूर्ण तिकीट, दोघांची बुडालेली रोजी, झेरॉक्स आणि 'अर्ज लिहून देणाऱ्याचे' पैसे. शिवाय गावाची परतीची गाडी दुपारी चारची असेल, तर साहेब जेवणानंतर भेटतील या निरोपाचा अर्थ उद्या पुन्हा या, असाच होतो.

आता गठ्ठ्याकडे. त्रुटीतल्या अर्जांमधून तीस काढा. वरचे तीस घेऊ नका, ते एकाच आठवड्याचे किंवा एकाच गावचे निघतील. तीनशे असतील तर दर दहावा घ्या. एका कागदावर चार रकाने पाडा: अर्ज आल्याची तारीख, त्रुटी काढल्याची तारीख, त्रुटी अर्जदाराला कळल्याची तारीख आणि त्रुटीचा शेरा जसाच्या तसा. तिसरा रकाना बहुतेक रिकामाच राहील, कारण ती तारीख कुठं नोंदवलेलीच नसते. तो रिकामा रकाना हाच तुमचा पहिला शोध. शेऱ्यांमध्ये "कागदपत्रे अपूर्ण" हे दोन शब्द किती वेळा येतात तेही मोजा. या शेऱ्यावरून बाईला काहीच कळत नाही आणि पुढच्या कारकुनालाही पूर्ण फाइल परत वाचावी लागते.

त्यानंतर आठ-दहा घरी जा. सरकारी गाडी घेऊन जाऊ नका, सोबत तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), सरपंच किंवा अर्ज मंजूर करणाऱ्या समितीचा सदस्य नको. त्यांच्यासमोर "काही अडचण नाही साहेब" हेच उत्तर येणार, कारण बाईला उद्या त्यांच्याकडेच जायचंय. "अडचण काय आहे?" असं विचारू नका. "मागच्या खेपेला तहसीलला गेलात त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?" असं विचारा आणि मधे बोलू नका. मग म्हणा, "कागदांची पिशवी दाखवता का?"

ती पिशवी नीट पाहण्यासारखी असते. कापड दुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी, तोंडाला गाठ, पत्र्याच्या पेटीत किंवा देवळीत ठेवलेली. आत लॅमिनेशन केलेलं आधार, कडा झिजलेलं रेशनकार्ड, पासबुकं दोन किंवा तीन, नवऱ्याचा फोटो, कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहिलेला वहीचा तुकडा आणि आधारच्या झेरॉक्स प्रतींचा थर. या प्रती मोजा. अर्जाला एक-दोन पुरतात. पिशवीत सात उरल्या असतील तर दर खेपेला कुणीतरी "झेरॉक्स आणा" म्हटलेलं आहे. मग सगळ्या कागदांवरची नावं शेजारी ठेवून वाचा. आधारवर गयाबाई, रेशनकार्डावर गया, पासबुकात गयाबाई आणि पुढं नवऱ्याचं नाव वेगळ्या अक्षरांत. जन्मतारीख १ जानेवारी. अशी तारीख पुष्कळ आधारांवर दिसते, कारण नोंदवताना फक्त वर्षाचा अंदाज माहीत होता. पासष्टी कधी पूर्ण झाली यावर बाई श्रावणबाळमध्ये बसते की नाही हे ठरतं, त्यामुळं ही तारीख क्षुल्लक नाही.

लोकांना काय हवं ते विचारण्यापेक्षा त्यांचा दिवस कसा जातो ते पाहण्यावर एवढा भर का, याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. धसक्यामुळं लोकांनीच जुनी जागा नको म्हटलं होतं. नवी गावं आखली ती शहरी कॉलनीसारखी: सरळ रुंद रस्ते, जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं. जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, भावकी एका गल्लीत कशी राहते, शेत किती लांब पडेल, हे त्या आराखड्यात नीट आलं नाही. लोकांनी मागितलं ते दिलं, तरी त्यांचं जगणं त्यात बसेना. त्याच पुनर्वसनात जी गावं जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथं हप्त्यानं पैसे देऊन घरमालकानं स्वतः बांधकाम करायचं आणि गावातल्या बायांनी संवाद सहायक म्हणून माहिती पोचवायची, अशी रचना झाली. ही दुसरी पद्धत तुमच्या कामाच्या जास्त जवळची आहे.

घरभेटी झाल्या की ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर तीन आडव्या ओळी काढा. वरच्या ओळीत बाई कुठं आहे, मधल्या ओळीत कागद कुठं आहे, खालच्या ओळीत किती दिवस नुसती वाट पाहण्यात गेले. एकाच खऱ्या अर्जाचा प्रवास लिहा, सरासरीचा नको. मंजूर झालेल्या एका अर्जाचाही असाच कागद करून शेजारी लावा. कागदावर कुणाचा तरी हात प्रत्यक्ष फिरतो तो वेळ मिनिटांत मोजावा लागेल, बाकी सगळी वाट. आणि वरच्या ओळीतली बाई मधल्या ओळीतल्या कागदासाठी जिथं जिथं कार्यालयात येते, ती प्रत्येक जागा म्हणजे एक खेटा.

या कागदावर एक जागा हमखास खटकेल. अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसीलदारांच्या सहीनं निघतो आणि अर्जही त्याच तहसीलमध्ये द्यायचा असतो. म्हणजे बाई त्याच इमारतीतला कागद एका खिडकीतून घेऊन दुसऱ्या खिडकीत देते, आणि मधे दोन-तीन आठवडे घालवते. दोन्ही अर्ज एकाच बैठकीत घेऊन दाखल्याचा क्रमांक आतल्या आत फाइलला जोडणं तहसीलदारांच्या कार्यालयीन आदेशानं होऊ शकतं. नियम बदलावा लागत नाही.

समस्या मांडण्याचा टप्पा बहुतेक ठिकाणी इथंच फसतो. "लोकांमध्ये जागृती नाही" हे वाक्य भिंतीवर चिकटवलं की उपाय म्हणून पोस्टर आणि मेळावा एवढंच सुचतं. वाक्यात कोण, कुठं, कोणत्या कागदापाशी अडलं हे आलं पाहिजे. उदाहरणार्थ: "नवरा ऊसतोडीला गेला असताना दुसऱ्या जिल्ह्यात वारला, मृत्यूची नोंद कुठंच झाली नाही, म्हणून विधवेचा अर्ज पतीच्या मृत्यू दाखल्यापाशी थांबतो." मृत्यूची नोंद मृत्यू जिथं झाला तिथंच होते, राहत्या गावात नाही. २१ दिवसांत ती मोफत होते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. टोळी कोल्हापूर, सांगली किंवा बेळगावच्या फडावर असताना बाई हंगाम अर्धवट टाकून तिथल्या ग्रामपंचायतीत थांबू शकत नाही, कारण उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) फिटायची असते. गावी परतल्यावर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) बरोबरच सांगतो की आमच्याकडं नोंद होणार नाही. असं नेमकं वाक्य लिहिलं की उपायही नेमके सुचतात: निघण्याआधी मुकादम आणि टोळीतल्या बायांना "मयत झाल्यास तिथल्याच ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद" अशी एक छापील चिठ्ठी देणं, किंवा मृत्यू जिथं झाला त्या ग्रामपंचायतीशी तुमच्या कार्यालयानंच पत्रव्यवहार करणं. पोस्टरनं हे होणार नाही.

बीडच काय, जालना, परभणी, धाराशिवच्या अनेक तालुक्यांतही वेळापत्रक हा सेवेच्या रचनेचाच भाग आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. या काळात हयातीची पडताळणी किंवा शिबिर लावलं तर घरी फक्त म्हातारी माणसं आणि लेकरं सापडतील, आणि म्हातारीला तहसीलला नेणारा माणूस गावात नसेल. नवीन अर्ज आणि पडताळणीची शिबिरं पोळा ते दसरा या मधल्या आठवड्यांत आणि पुन्हा गुढीपाडव्यानंतर लावा. त्यातही सप्टेंबरसाठी पर्यायी सोय ठेवावी लागते. अतिवृष्टी झाली की पूर्ण महसूल यंत्रणा पंचनाम्यांना जाते आणि तुमची शाखा महिनाभर रिकामी पडते. हा महिना येणारच आहे असं धरून त्या काळात एक माणूस फक्त आवक घेईल आणि पोच देईल, एवढं आधीच ठरवून ठेवा. शिबिर आठवडी बाजाराच्या दिवशी घेतलं तर गर्दी जास्त होते, पण बाईचा वेगळा खेटा वाचतो. गर्दी सांभाळणं हे आपलं काम आहे.

आता नमुना. सॉफ्टवेअर, ॲप, डॅशबोर्ड यांना सध्या हात लावू नका. कार्बन कागदाचं पावती पुस्तक घ्या: एक प्रत अर्जदाराला, एक फाइलला. त्यावर हातानं असा मजकूर लिहून झेरॉक्स काढा:

"अर्ज क्रमांक, तारीख.
तुमच्याकडून आज हे कागद मिळाले: …
हे कागद कमी आहेत: … कुठं मिळतील: …
यांशिवाय दुसरा कोणताही कागद मागितला जाणार नाही.
कागद या तारखेपर्यंत द्या: …
तुम्ही स्वतः येण्याची गरज: आहे / नाही.
तपासणाऱ्याचं नाव आणि सही."

यातली चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि कार्यालयातून विरोधही तिलाच होईल. पण ती आहे म्हणूनच कारकून अर्ज खिडकीवरच पूर्ण वाचतो. ती काढलीत तर चिठ्ठी नुसती पोचपावती होते आणि त्रुटी पुन्हा एकेक करून निघायला लागतात. विरोध समजून घ्या: नंतर लेखापरीक्षणात काही निघालं तर जबाबदार कोण, ही कारकुनाची भीती खरी आहे. म्हणून सोबत नायब तहसीलदारांच्या सहीची एक तपासणी यादी द्या, तिच्याप्रमाणे तपासलं की जबाबदारी शाखेची. नंतर एखादा कागद लागलाच तर तो आपल्याच दप्तरातून किंवा तलाठ्याकडून मिळवायचा. नावातल्या फरकासाठी स्वयंघोषणापत्र चालतं का, हे त्या यादीतच लिहा. शासनानं २०१५ मध्ये दाखले आणि अर्जांसाठी शपथपत्राऐवजी स्वयंघोषणा आणि साक्षांकनाऐवजी स्वतःची सही स्वीकारायला सांगितलं आहे. तरी मुद्रांक कागद मागण्याची सवय जागोजागी टिकून आहे, कारण नकार देण्यापेक्षा जास्तीचा कागद मागणं सुरक्षित वाटतं.

पहिल्या दोन आठवड्यांत चाळीस चिठ्ठ्या पुरे. मोडतोड कुठं होते ते पाहा. "कुठं मिळतील" या ओळीत "संबंधित कार्यालय" असं लिहिलं जाईल. मग ती ओळ मोकळी न ठेवता चार छापील पर्याय द्या: ग्रामपंचायत, तलाठी, सरकारी दवाखाना, बँक. तारखेची ओळ कोरी राहील, कारण समितीची बैठक कधी होईल हे कुणालाच माहीत नसतं. बैठक तुमच्या हातात नाही, पण छाननीचा दिवस आहे. दर महिन्याचा एक ठरलेला वार धरा आणि तीच तारीख लिहा.

चिठ्ठीची चाचणी अर्जदारावरच करून भागत नाही. चिठ्ठी वाचणारं माणूस घरातली दहावीतली मुलगी किंवा शेजारचा पोरगा असतो, अर्ज भरणारा सेवा केंद्राचा चालक. पाच जणांच्या हातात ती द्या, गप्प बसा आणि बोट कुठं थांबतं ते पाहा. "येण्याची गरज नाही" हे ठळक असूनही बाई दुसऱ्या आठवड्यात येईल, कारण आजवर न येणाऱ्याचं काम झालेलं तिनं पाहिलेलं नाही. हा विश्वास चिठ्ठीनं येत नाही. गावातल्या दोघी-तिघींचं काम न जाता झालं की येतो. म्हणून पहिल्या टप्प्यात तीन गावं घ्या आणि ती पूर्ण करा. साठ गावांत अर्धवट पसरू नका.

सेवा केंद्राच्या चालकाला पैसे अर्ज भरण्याचे मिळतात, मंजुरीचे नाही. त्रुटीतला अर्ज पुन्हा भरला तर पुन्हा मिळतात. त्याला दोष देऊन काही साधत नाही. तपासणी यादी त्याच्या भिंतीवर लावा आणि कोणत्या केंद्राचे किती अर्ज पहिल्या खेपेला पूर्ण आले ते महिन्याला त्यांनाच दाखवा. अर्जात मोबाइल नंबर कुणाचा आहे हेही तिथंच तपासावं लागतं. पुष्कळदा तो चालकाचाच असतो आणि मग कार्यालयाचे सगळे संदेश त्याच्या खिशात जातात. निरोपासाठी रेशन दुकान आणि ग्रामपंचायतीचा फलक वापरा, पण फलकावर फक्त अर्ज क्रमांक आणि स्थिती लिहा. कोण विधवा, कोण परित्यक्ता, कोणाला कोणता आजार, हे गावाच्या भिंतीवर जाता कामा नये.

शेवटचा टप्पा मंजुरीनंतरचा, आणि बहुतेक आराखडे तिथवर पोचत नाहीत. अनुदान आता डीबीटीनं (थेट लाभ हस्तांतरणानं) आधारशी जोडलेल्या खात्यात जातं. अर्जात दिलेल्या पासबुकात ते जाईलच असं नाही. आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलं, तिथं पैसे जातात. बाई जिल्हा बँकेचं पासबुक भरून घ्यायला दर महिन्याला जाते, शिल्लक तीच दिसते. पैसे मात्र कधीतरी सिम घेताना मोबाइलच्या दुकानात उघडलेल्या खात्यात जमा होत राहतात. कार्यालयाच्या नोंदीत "अदा" आहे, घरात काही नाही. म्हणून अर्ज घेतानाच आधार कोणत्या बँकेशी जोडलं आहे ते तपासा आणि बँकेचं नाव चिठ्ठीवर लिहा. त्यासाठी ओटीपी आधारला नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, तो नंबर बंद असेल तर बँकेतूनच खात्री करून घ्यावी लागते. कोयता धरून घासलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. तिथं डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय वापरा आणि "अंगठा येत नाही" म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही असं लेखी ठेवा.

मुदतीच्या मोजणीबद्दल एक इशारा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये अधिसूचित सेवांना मुदत, अपिलांची सोय आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. हा कायदा मोलाचा आहे, पण फक्त मुदत मोजली की शेवटच्या दिवशी एखादी त्रुटी काढून घड्याळ मागं फिरवता येतं. अहवाल शंभर टक्के, बाई मात्र दारातच. मुदतीशेजारी खेटे आणि पहिल्या खेपेला पूर्ण आलेले अर्ज, हे दोन आकडे ठेवलेत तर ही पळवाट उघडी पडते. तुलना करताना गेल्या वर्षीचा तोच महिना घ्या. दिवाळीचा महिना जूनशी ताडून पाहिला तर काहीच कळणार नाही.

काही गोष्टी चिठ्ठीनं सुटणार नाहीत आणि तसं स्पष्ट लिहायला हवं. निराधार अर्जासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे २१,००० रुपये आहे, म्हणजे दिवसाला साधारण ५८ रुपये. एवढ्यावर कुणाचंही घर चालत नाही. तलाठी, अर्जदार, तहसीलदार सगळ्यांनाच ते ठाऊक आहे, तरी दाखल्यावर आकडा त्याच्या आत बसवावा लागतो. हा प्रश्न खिडकीवरचा नाही, धोरणाचा आहे. तुमच्या तीस फाइलींमधले दाखले आणि प्रत्यक्ष मजुरीचे दर शेजारी मांडून तो तक्ता जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वर पाठवा. सेवेची रचना सुधारली म्हणून हा आकडा रास्त होत नाही.

शेवटी बदलीचं. तीन वर्षांनी, कधी त्याआधीच, तुम्ही जाल. जे तुमच्या आवडीवर चाललं ते त्या दिवशी थांबेल. चिठ्ठीचं पुस्तक कार्यालयाच्या स्टेशनरीच्या मागणीत घाला, तपासणी यादी कार्यालयीन आदेशाला जोडा, छाननीचा वार दर्शनी फलकावर रंगवून घ्या आणि त्रुटीच्या नोंदवहीत "अर्जदाराला कळल्याची तारीख" हा रकाना कायमचा पाडा. नवीन अधिकारी आल्यावर कारकुनानं ती वही समोर ठेवली आणि तो रकाना भरलेला असला, तर पुढचं काम त्याला तिथून उचलता येईल.